नवा संगणक आला तरी जुना मॉनिटर भंगारात घालू नका

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला तेव्हा आपल्या वर्धा जिल्ह्यातील बऱ्याच कापड दुकानांत पहिल्यांदा संगणक आला. त्यापूर्वी उधारी-जमा सगळे वहीत चालत असे. त्या सुमारास घेतलेल्या मशीनमध्ये बहुधा इंटेलचा सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणजे ज्यांनी २०१७ मध्ये कायदा पाळण्यासाठी धावपळ करून संगणक घेतला, त्यांच्यावरच आता पुन्हा खर्चाची पाळी आली आहे.

नवा डबा दुकानात येतो आणि जुना मॉनिटर जोडायला घेतला की कळते, त्याच्या निळ्या तोंडाच्या वायरला मागे जागाच नाही. विक्रेता लगेच म्हणतो, 'सेठ, मॉनिटरही नवाच घ्या.' साधा मॉनिटर घ्यायचा तरी काही हजारांची गोष्ट आहे. धंदा मंदा असताना हा खर्च टाळता येत असेल तर का टाळू नये?

ही निळी वायर म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये ती आणली. तीन ओळींत पंधरा पिना. तिने तीस वर्षे राज्य केले. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केले की हळूहळू ही पद्धत बंद करायची आणि तिच्या जागी एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट आणायचे. आज अनेक नव्या डेस्कटॉपना हीच दोन तोंडे असतात.

आता खरा मुद्दा. पुष्कळांना वाटते की तोंड वेगळे आहे, तर दोन टोकांची वायर आणली की झाले. तसे होत नाही. जुना मॉनिटर वारात मोजतो आणि नवा संगणक मीटरमध्ये बोलतो असे समजा. ताग्यावरची चिठ्ठी बदलल्याने माप बदलत नाही, मध्ये कोणीतरी हिशेब करणारा बसावा लागतो. व्हीजीएत चित्र कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या लहरीतून जाते, एचडीएमआयमध्ये आकड्यांतून. आकड्यांची लहर करणारी एक छोटी चिप मध्ये लागते. ती ज्यात असते त्याला कन्व्हर्टर म्हणतात आणि दोन-चारशे रुपयांत तो मिळतो. चिप नसलेली, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए असलेली नुसती वायरही बाजारात विकली जाते. ती नव्या संगणकावर पडदा काळाच ठेवते, आणि आमच्याकडच्या एका दुकानात पाकीट फोडले म्हणून ती परतही घेत नाहीत.

दिशाही पाहावी लागते. 'एचडीएमआय ते व्हीजीए' हे एक यंत्र आणि 'व्हीजीए ते एचडीएमआय' हे दुसरे. दिसायला सारखेच, पण उलटे लावून चालत नाही. आपल्याला पहिले हवे. संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल (त्याच्या तोंडाचा एक कोपरा कापलेला असतो) तर त्याचा वेगळा कन्व्हर्टर घ्यावा. मॉनिटरला पांढऱ्या तोंडाचे डीव्हीआय असेल तर मात्र नशीब चांगले. एचडीएमआय आणि डीव्हीआयची भाषा एकच, तिथे साधी वायर पुरते. खरेदीला नागपूरला जायचे असेल तर निघण्यापूर्वी दोन्ही तोंडांचे फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा. तोंडी वर्णन करून माल मागणाऱ्याला काहीही बांधून दिले जाते.

जोडल्यावर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी आली तर मॉनिटर बिघडला असे समजू नका. संगणक मोठे चित्र पाठवतो आहे आणि जुना पडदा लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. सतरा इंची चौकोनी मॉनिटरला १२८० गुणिले १०२४, साडेअठरा इंचीला १३६६ गुणिले ७६८ हे माप सेटिंगमध्ये द्यावे आणि वेग ६० हर्ट्झ ठेवावा. सेटिंग बदलण्यापुरता शेजाऱ्याचा नवा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही लावून घेता येतो. चित्र एका बाजूला सरकले असेल तर मॉनिटरवरचे 'ऑटो' बटन दाबावे. त्यानंतर बारीक अक्षरे तपासावीत. यासाठी उर्दू मजकुराइतकी चांगली कसोटी नाही. 'बे'ला एक नुक्ता आणि 'पे'ला तीन. ते मोजता आले तर बिलातले आकडेही चुकणार नाहीत.

आणखी एक गोष्ट. मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर वायर त्या कार्डालाच लावायची, वरच्या जुन्या जागी नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. कार्डाशिवाय तसे मशीन स्वस्तात मिळाले तर त्याला नवा मॉनिटर लावूनही काही दिसणार नाही.

नवा मॉनिटर आधीच घेतला असेल तरी जुन्याला काम आहे. तो गल्ल्यावर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा. लग्नसराईत दहा साड्यांचे बिल बनताना मीटर, भाव आणि कर समोर दिसले की निम्मी घासाघीस आपोआप थांबते. विंडोजचे बटन आणि 'पी' एकत्र दाबले की पर्याय येतात. तिथे 'डुप्लिकेट' नव्हे, 'एक्स्टेंड' निवडा आणि फक्त बिलाची खिडकी त्या पडद्यावर सरकवा. 'डुप्लिकेट' केले तर तुमच्या पडद्यावरची खरेदीची किंमतही गिऱ्हाईक वाचेल!

प्रत्येक मॉनिटर वाचवण्यासारखा असतो असे मात्र नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतले कपॅसिटर फुगतात. पडदा लुकलुकून बंद पडतो, पण टीव्ही दुरुस्त करणारा ते थोडक्यात बदलून देतो. तांबूस आणि अंधुक पडलेला पडदा म्हणजे मागचा दिवा संपत आला, त्यावर खर्च करू नये. जुना पेटीसारखा काचेचा मॉनिटर तर वीजच खातो. सपाट मॉनिटरच्या तो दुप्पट-तिप्पट वीज घेतो. तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. नवा माल देणाऱ्या विक्रेत्याकडे तशी सोय आहे का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारून घ्यावे.