थायरॉइडची गोळी सुरू आहे? मग हाडांचंही विचारा

रोवणीच्या दिवसांत ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या बांध्यांमध्ये बाया दिवसभर वाकून असतात. कंबर दुखणारच, असं सगळेच धरून चालतात. म्हणूनच पन्नाशीतल्या बाईच्या दुखऱ्या कमरेचा तिच्या थायरॉइडशी संबंध असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तिथे नवं भरतात. हा एक फेरा साधारण 200 दिवसांत पुरा होतो. थायरॉइड मंदावला की तोच 700 दिवसांपर्यंत लांबतो, म्हणजे डागडुजी रेंगाळते. गोळीने हा वेग ताळ्यावर येतो. मात्र डोस गरजेपेक्षा जास्त झाला, तर खरवडणं भरण्याच्या पुढे जातं आणि हाड पोकळ होत जातं. पाळी गेलेल्या बाईला हा धोका सर्वाधिक. खरी चूक इथेच होते: एकदा लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहते, टीएसएचची तपासणी मात्र होत नाही. वय वाढलं, वजन उतरलं, की डोसची गरजही बदलते.

दुसरी अडचण वेळेची. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची. कॅल्शियमची किंवा रक्तवाढीची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. तिन्ही एकदम घेतल्या, तर थायरॉइडचं औषध नीट शोषलंच जात नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. वरोऱ्याकडच्या काही बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर हाड एक्स-रेत दाट दिसू शकतं आणि तरीही ठिसूळ असतं. अशा गावातल्या रुग्णाने पाणी कुठलं पितो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. नुसत्या घनतेच्या आकड्यावर निर्धास्त राहू नये.

आहाराचं म्हणाल तर शेवग्याचा पाला, तीळ, तलावातले काट्यांसकट खाल्ले जाणारे बारीक मासे इथे मिळतातच. ते ताटात राहू द्या.

हे वाचून भीतीने गोळी बंद मात्र करू नका. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा टीएसएचचा जुना रिपोर्ट सोबत न्या. उंची कमी झाली असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर तेही सांगा आणि हाडांची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.