सर्फबोर्डचे माप : मधल्या लांबीची फळी कशी निवडावी?

कोकणातून केपटाउनला गेलेली घरे आपल्या वाचकांना नवीन नाहीत. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतील लोक तिकडे गेले, दुकाने टाकली आणि तिथलेच झाले. त्यांच्या आजच्या पिढीला समुद्राचा एक वेगळाच शौक लागला आहे. सर्फबोर्ड नावाच्या फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे यायचे, हा तो शौक. २०२३ साली रायलँड्स भागात भाच्याकडे उतरलो होतो, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये अशीच एक पांढरी शुभ्र, टोकदार फळी भिंतीला टेकवलेली दिसली. भाचा म्हणाला, "मामू, अर्ध्या महिन्याचा पगार घातला हिच्यात. तीन महिने झाले, एक लाट धरता येत नाही."

फळी उलटी केली. मधोमध लाकडाची बारीक पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. तिच्याजवळ कारीगराने पेन्सिलीने माप लिहिले होते : लांबी ६ फूट २ इंच, रुंदी पावणेएकोणीस इंच, जाडी २ इंच ३ सूत, आणि शेवटी २९ लिटर. मला लाटांतले काही कळत नाही. पण तीस वर्षे कापडाचा धंदा केल्यामुळे एवढे कळते की मालावर माप लिहिलेले असेल तर ते ग्राहकाच्या मापाशी ताडून पाहिले पाहिजे. भाच्याचे वजन ८२ किलो. दुकानदाराने ते विचारलेच नव्हते. रंग आवडला का, एवढेच विचारले होते.

त्या मुक्कामात मी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडलो, दोन-तीन जुन्या जाणत्या कारीगरांशी बोललो आणि पुढेही चौकशी चालू ठेवली. नात्यागोत्यातील मुले फळी घेणार असतील त्यांना, आणि गोवा किंवा मुलकीकडे सर्फिंगच्या शाळा चालतात तिथे माल देण्याचा अथवा दुरुस्तीचा विचार असेल अशा कारीगरांना, हा हिशेब उपयोगी पडावा.

फळ्यांचे ढोबळ तीन वर्ग आहेत. साडेसहा फुटांच्या आतली ती शॉर्टबोर्ड, नऊ फूट आणि त्यावरची ती लाँगबोर्ड, आणि मधली, म्हणजे साधारण पावणेसात ते आठ फुटांची, ती मिड-लेंग्थ. ही मधली जात तशी जुनीच. १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग ९ फूट ४ इंचांच्या फळीवर जिंकला. त्यानंतर तीन-चार वर्षांतच फळ्या आखडत सात फुटांवर आल्या, आणि १९८१ च्या सुमारास सायमन अँडरसनची तीन फिनांची आखूड फळी गाजल्यावर मधल्या मापाला कोणी विचारीना. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिची मागणी पुन्हा वाढली आहे. कारण सरळ आहे. आठवड्यातून एकदा समुद्रात उतरणाऱ्या नोकरदार माणसाला आखूड फळी झेपत नाही आणि नऊ फुटी फळी उचलून नेणे जड जाते.

आता लिटरचा अर्थ. फळीने जेवढी जागा व्यापली तेवढे तिचे लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, समुद्राच्या पाण्याचे किंचित जास्त. म्हणजे ४७ लिटरची फळी पूर्ण बुडवली तर पाणी तिला सुमारे ४७-४८ किलोच्या जोराने वर ढकलते. त्यातून फळीचे स्वतःचे वजन वजा. मग ८२ किलोचा माणूस तिच्यावर उभा कसा राहतो? स्थिर पाण्यात राहतच नाही, बुडतो. तो पालथा पडून हातांनी पाणी कापतो तेव्हा त्याच्या अंगाचा काही भाग पाण्यात असतो आणि पाणी तेवढा भार उचलते. लाटेवर वेग आला की धावते पाणी फळीला खालून उचलून धरते, आणि मग उभे राहता येते. म्हणून सगळा प्रश्न लाट येण्याआधी पुरेसा वेग मिळतो की नाही, याचा आहे. भाच्याची फळी तिथेच कमी पडत होती. छातीपर्यंत पाण्यात बुडून तो हात मारायचा, आणि लाट खालून निघून जायची.

ठोकताळा असा. किलोमधील वजनाला एका आकड्याने गुणायचे. तरबेज खेळाडू ०.३५ ते ०.४२ वर भागवतात. ज्याला उभे राहता येते, लाटेवर आडवे जाता येते, पण रोजचा सराव नाही, त्याला ०.५५ ते ०.६ लागतो. अगदी नवख्याला ०.८ किंवा त्याहून जास्त. भाच्याची २९ लिटरची फळी त्याच्या वजनाच्या ०.३५ पट होती, म्हणजे दुकानदाराने त्याला उस्तादाचे माप विकले होते. वजन धरताना अंगावरचा रबरी पोशाखही धरावा. केपटाउनचे पाणी थंड, तिथे वेटसूटशिवाय चालत नाही आणि भिजलेला सूट दोन-तीन किलो भरतो. ८५ ला ०.५५ ने गुणले की ४७ लिटरच्या आसपास आकडा येतो. वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा खांद्यात जोर कमी असेल तर तीन-चार लिटर वाढवावेत.

या हिशेबाने ६०-६५ किलोच्या माणसाला पावणेसात ते सात फूट आणि ३५ ते ३९ लिटर बसतात. ७५-८२ किलोला ७ फूट ते ७ फूट ४ इंच आणि ४२ ते ४७ लिटर. ९० च्या पुढे साडेसात ते आठ फूट आणि ५० ते ५५ लिटर. हा काही कायदा नव्हे, शिंप्याचा पहिला अंदाज समजावा. खरे शिवण पुढे आहे.

कारण लिटर सारखे असले तरी फळी सारखी नसते. लांबी वाढली की हात मारताना फळी सरळ आणि वेगात जाते, लाट लवकर धरता येते. रुंदी वाढली की तोल सांभाळतो. जाडी वाढली की फळी तरंगते, पण कडा जाड झाल्या तर वळताना त्या पाण्यात रुतत नाहीत. सात फुटी, साडेएकवीस इंच रुंद फळीची जाडी एका सुताने वाढवली तरी दोन लिटरचा फरक पडतो. सुतारकाम करणाऱ्याला एका सुताची किंमत सांगायला नको. दुकानात कित्येकदा आखूड फळी जाड करून लिटर भरून दाखवतात. ४७ लिटर साडेसहा फुटांतही बसवता येतात, पण मग ती फळी बुचासारखी डुचमळते. लिटर हे कापडाच्या एकूण मीटरसारखे आहेत. पन्हा विचारल्याशिवाय नुसते मीटर ऐकून कोणी गठ्ठा उचलतो का?

उलटी चूकही होते. ६५ किलोच्या पोराला ६० लिटरची फळी दिली तर ती वळत नाही, आणि फुटणाऱ्या लाटेत हातातून निसटून मागच्या माणसाच्या तोंडावर जाते. आखूड फळीवाले लाट आली की फळी पाण्याखाली दाबून पलीकडे निघतात. ४५-५० लिटरची फळी तशी सहज दाबता येत नाही. फळी घट्ट धरून उलटे व्हायचे आणि लाट वरून जाऊ द्यायची, हे आधी शिकून घ्यावे. ज्याने अजून उभे राहायलाही शिकलेले नाही त्याने मिड-लेंग्थ घेऊच नये. मऊ फोमची आठ-नऊ फुटी फळी भाड्याने घेऊन वीस-पंचवीस वेळा पाण्यात उतरावे, मग खरेदीचा विचार करावा.

कोणत्या किनाऱ्यावर वापरायची हेही पाहावे लागते. केपटाउनजवळचे म्यूझनबर्ग हे संथ, लांबवर लोळत येणाऱ्या लाटांचे ठिकाण. अगाथा ख्रिस्तीने १९२२ साली तिथेच पातळ लाकडी फळीवर हा खेळ केला होता. पुढे १९५३ च्या कायद्याने किनारे वर्णानुसार वाटले गेले आणि आपल्या लोकांना त्या वाळूवर जागा उरली नाही. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. आज भाच्याच्या वयाची मुले तिथे बिनदिक्कत पाण्यात उतरतात, त्यांच्या आजोबांना हे शक्य नव्हते. अशा संथ लाटेला बाक कमी असलेली, नाक रुंद असलेली फळी चांगली. बाक म्हणजे खालच्या अंगाची नाकापासून शेपटीपर्यंतची कमान, तिला रॉकर म्हणतात. सपाट फळी लवकर धावते, पण उभ्या, अचानक फुटणाऱ्या लाटेवर तिचे नाक पाण्यात खुपसते. कोमेटीच्या लाँग बीचसारख्या जोरकस लाटेला बाक जास्त आणि शेपूट निमुळते लागते.

फिनांबद्दल थोडक्यात. एकच फिन असेल तर फुटाला एक इंच, म्हणजे सात फुटी फळीला सात इंचांचा फिन, हा जुना ठोकताळा. मधला मोठा आणि बाजूला दोन लहान, ही रचना नवशिक्याला जास्त सोयीची. पायाला बांधायची दोरी, लीश, फळीच्या लांबीएवढी किंवा थोडी लांब घ्यावी.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. फळीच्या आत फोम असतो आणि वर काचेच्या धाग्याचे विणलेले कापड रेझिनमध्ये भिजवून चढवलेले असते. ते कापड आपल्या डेनिमसारखेच औंसांत विकतात, एका चौरस वारामागे. ४ औंस म्हणजे १३६ जीएसएम, ६ औंस म्हणजे २०३. हलक्या शॉर्टबोर्डला वरून ४ चे दोन थर आणि खाली एक देतात. मिड-लेंग्थ रोज वापरायची असेल तर वरच्या अंगाला ६ आणि ४ आणि खाली ६ मागावे. थोडे वजन वाढते, पण टाचांचे खड्डे कमी पडतात आणि फळी चार वर्षे जास्त टिकते. "ग्लासिंग काय आहे?" एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा सावरून बसतो. कापड खरेदीतही "किती जीएसएम?" विचारले की भाव बदलतो, तसेच.

आतला फोम दोन जातींचा. पॉलियुरेथेन जुना आणि लाटेवर जरा दबून चालणारा. ईपीएस हलका आणि जास्त तरंगणारा, पण चिरा पडली की पाणी पितो. पहिल्या जातीचा बाजार अमेरिकेत जवळजवळ एकाच कारखान्याच्या हातात होता. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क फोमने एका दिवसात दारे लावली. पुढचे काही महिने कारागिरांची फोमसाठी धावाधाव झाली आणि ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी मागेल तो भाव घेतला. एका गिरणीच्या मालावर दुकान चालवणाऱ्यांना हे दुखणे माहीत असेल.

दुरुस्ती करू पाहणाऱ्या कारागिरांसाठी याच फरकात पैशाचा प्रश्न आहे. आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचे काम करणारे हात पॉलिएस्टर रेझिनला सरावलेले आहेत. ते रेझिन पॉलियुरेथेनच्या फळीवर चालते. ईपीएसच्या उघड्या फोमवर ओतले तर फोम विरघळून जागच्या जागी खड्डा पडतो आणि गिऱ्हाइकाची फळी भरून द्यावी लागते. इपॉक्सी दोन्हींवर चालते. फळी कोणत्या जातीची आहे हे पक्के कळत नसेल तर इपॉक्सीच वापरावे. होडीला लावतात ती तुटक्या धाग्यांची मॅट इथे नको, ती जड होते. विणलेले कापडच हवे, आणि ते तिरपे ओढू नये, वीण सरकते. फळी आत ओली असेल तर आधी कित्येक दिवस वाळवावी. ओल बंद करून वरून रेझिन मारले तर थर सुटतो.

जुनी फळी घेताना वरचे अंग अंगठ्याने दाबत जावे. कुठे फुगीर, मऊ लागले तर कापड फोमपासून सुटलेले आहे, सौदा सोडावा. आडवी सुरकुती दिसली तर फळी एकदा मोडता मोडता वाचलेली आहे. पिवळेपणा उन्हाचा असतो, त्याला भिऊ नये, मात्र भाव पाडायला तो उपयोगी पडतो. फिनच्या खोबणीभोवती बारीक तडे नखाने तपासावेत. हातात घेऊन मापाच्या मानाने जड वाटली तर पाणी प्यालेली समजावी.

भाच्याने ती २९ लिटरची फळी दोन-तृतीयांश किमतीत एका हलक्या, तरबेज मुलाला विकली. तिच्या जागी जुनी, ७ फूट २ इंच, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, ४८ लिटरची पॉलियुरेथेनची फळी पाहिली. खोबणीजवळ तडा निघाला. विकणारा म्हणाला, "तो पहिल्यापासूनच आहे." आम्ही दुरुस्तीचे पैसे कापून घेतले आणि फळी उचलली.