भारवितरक जोडणीची निवड

बैलगाडीत माल मागे अधिक भरला की गाडी उलार होते व जू वर उचलले जाते. पुढे अधिक भरला तर बैलांच्या मानेवर दाब येतो. मोटारीमागे ओढावयाच्या प्रवासी ट्रेलरचा प्रश्न मूलतः हाच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून तो आपल्याकडेही विचारणीय झाला आहे. चंदगडाकडून तिलारी घाट उतरून दोडामार्गास येणाऱ्या वाहनाच्या बाबतीत तर तो सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

ट्रेलर उलार असल्यास वेगात डोलू लागतो. म्हणून त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीवर ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु जोडणी मोटारीच्या मागील आसाच्याही मागे असल्याने तरफेचा नियम लागू होतो. समजा, ट्रेलर १,००० किलोग्रॅमचा, जोडणीवरील भार १०० किलोग्रॅम, मोटारीच्या दोन आसांतील अंतर २.५ मीटर आणि मागील आसापासून जोडणी १.२५ मीटरवर आहे. अशा वेळी मागील आसावर १५० किलोग्रॅम वाढतात, तर पुढील आसावरचे ५० घटतात. हलकी झालेली पुढची चाके ओल्या उतारावर सुकाणू व गतिरोधक या दोहोंना नीट दाद देत नाहीत.

भारवितरक जोडणीतील पोलादी लवचिक दांडे ताणले असता मोटार व ट्रेलर यांच्यामध्ये परिबल निर्माण करतात. वरील उदाहरणात ट्रेलरचा आस जोडणीपासून ५ मीटरवर असेल, तर ५० किलोग्रॅम-मीटर परिबलाने पुढील आसावर २५ किलोग्रॅम परत येतात, १० ट्रेलरच्या आसावर जातात आणि मागील आसावरचे ३५ कमी होतात. एकूण भार मात्र तेवढाच राहतो.

निवडीचे निकष यातूनच निष्पन्न होतात. जोडणीवरील भार ट्रेलर पूर्ण भरून प्रत्यक्ष मोजावा व मोटारीच्या मागील भागातील सामान हिशेबात धरून दांड्यांची क्षमता ठरवावी. दांडे फार ताठ असल्यास सांगाड्यास हादरे बसतात. फार मऊ असल्यास उद्देश साधत नाही. अशी जोडणी वापरण्यास वाहननिर्मात्याची अनुमती आहे काय, आणि ट्रेलरच्या स्वयंचलित रेटा-गतिरोधकाशी ती जुळते काय, हेही पाहावे. ताण किती द्यावा हे निर्मात्याच्या सूचनेनुसार, पुढील आसाचे वजन करून ठरवावे. पुढील भार पूर्ववत होण्याचा आग्रह धरू नये, कारण अतिरिक्त ताणाने मागील चाकांची पकड ढिली होते.

भार वाटणे म्हणजे भार घटविणे नव्हे. अतिभारित वा उलार ट्रेलरवर कोणतीही जोडणी हा उपाय नाही. गाडी नीट भरणे हीच पहिली पायरी होय.