मागच्या बाजूचा धागा

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी मुख्य बेटावर गनिस्टर नावाची जागा आहे. १९५१ साली तिथे पीट खणताना दोघांना एका माणसाचे अवशेष सापडले. पीट म्हणजे दलदलीत वनस्पती साचून घट्ट झालेली माती. बेटांवर झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे शतकानुशतकं हेच तिथलं सरपण. या आम्लधर्मी मातीत हाडं विरघळून जातात, लोकर मात्र टिकते. म्हणून माणसाचं फारसं काही उरलं नव्हतं आणि अंगावरचे कपडे ओळखता येतील इतके शाबूत होते. कोट, विजार, टोप्या, मोजे, हातमोजे आणि एक छोटा विणलेला बटवा. बटव्यात डच आणि स्वीडिश नाणी होती, त्यातलं सर्वांत अलीकडचं १६९० सालचं. बटव्याचा रंग करडा, त्यावर लाल आणि पांढऱ्या नक्षीचे पट्टे. एकाच ओळीत दोन रंगांचे धागे आलटून पालटून विणल्याचा शेटलंडमधला हा सर्वांत जुना ज्ञात नमुना.

हीच वीण आज जगभर फेअर आइल या नावाने ओळखली जाते. लोकरीच्या विणकामात बरीच वर्षं घालवलेली माणसंसुद्धा पहिला रंगीत नक्षीचा स्वेटर हाती घेताना बिचकतात, कारण सगळ्या पुस्तकांत नियमच नियम दिसतात. एका ओळीत दोनच रंग घ्या. मागचा धागा फार लांब सोडू नका. गोल विणा, पुढे-मागे उलटवून विणू नका. शेवटी विणलेल्या कापडाला कात्री लावा. हे नियम कुणी ठरवले आणि कशासाठी, हे पुस्तकं क्वचितच सांगतात. ते कळलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. हे नियम शोभेसाठी जन्मलेले नाहीत. डोक्यावर कर्ज असलेल्या, पाठीवर ओझं घेऊन चालता चालता विणणाऱ्या बायकांनी वेळ आणि लोकर वाचवण्यासाठी ते घडवले.

फेअर आइल हे शेटलंड आणि ऑर्कनी या दोन बेटसमूहांच्या साधारण मधोमध असलेलं, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. आज तिथे पन्नासेक माणसं राहतात. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफोन’ हे जहाज या बेटावर आपटून फुटलं आणि त्यावरची माणसं कित्येक आठवडे बेटावर अडकून पडली. त्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना नक्षी शिकवली, अशी एक कथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे आणि अजूनही लेबलांवर छापली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. मला ती कथा खटकते, कारण बायकांचं कसब बाहेरून कुणीतरी दिलेलं असणार, हे तिने आधीच गृहीत धरलेलं आहे. नॉर्वे, एस्टोनिया आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या जुन्या विणकामात अशाच चौकटी, तारे आणि क्रूस दिसतात. शेटलंडला उत्तर जर्मनीचे व्यापारी आणि हेरिंग मासळीच्या मागावर येणारे डच दर्यावर्दी शतकानुशतकं येत होते. गनिस्टरच्या बटव्यातली नाणी त्याच ये-जाची खूण आहेत. नमुने अशा वाटांनी फिरतात आणि ज्या हातांत पोचतात तिथे बदलतात. फेअर आइलच्या लोकांचा तर रिवाजच होता की जवळून जाणारं जहाज दिसलं की होडी वल्हवत त्याच्यापर्यंत जायचं आणि विणलेल्या वस्तूंच्या बदल्यात माल मिळवायचा.

आता वीण पाहू. ओळीत दोन रंग असतात. एका रंगाचा टाका विणला जातो तेव्हा दुसऱ्या रंगाचा धागा कापडाच्या मागून आडवा सरकत पुढच्या टाक्यापर्यंत जातो. कापड उलटं करून पाहिलं की हे आडवे धागे ओळीने दिसतात. त्यांच्यामुळे कापड जवळजवळ दुहेरी होतं आणि उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यात ऊब धरतं. पण मागचा धागा लांब असला तर बोटं, बटणं, अंगठ्या त्यात अडकतात. म्हणून पारंपरिक नक्षीत एक रंग सलग पाच-सात टाक्यांच्या पुढे सहसा जात नाही. अष्टकोन आणि क्रूस यांची जोडी, जिला तिथे ओएक्सओ म्हणतात, तीही अशीच आखलेली असते की दोन्ही रंग पुन्हा पुन्हा वर यावेत. या मोठ्या पट्ट्यांच्या मध्ये काही थोड्या ओळींच्या छोट्या नक्ष्या असतात, त्यांना ‘पीरी’ म्हणतात. स्वेटर दहा-बारा रंगांचा दिसतो, पण कुठल्याही एका ओळीत पाहिलं तर दोनच. पट्ट्याच्या मधल्या ओळीपर्यंत रंग क्रमाने बदलत जातात आणि मग उलट क्रमाने परत येतात. त्यामुळे पाहणाऱ्याला श्रीमंती दिसते आणि विणणारीच्या हातात दोनच धागे असतात.

पूर्वी हे रंग बरेचसे मेंढीकडूनच येत. शेटलंडची मेंढी लहानखुरी आणि काटक असते. तिच्या लोकरीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधल्या करड्या आणि तपकिरी छटांसह मुख्य अकरा रंग मोजले जातात. लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातलं मॅडर आणि निळ्यासाठी नीळ हे दोन्ही बाहेरून येत. या लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात आणि ते एकमेकांत गुंततात. हा गुण पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे स्वेटर बहुतेक दोन सुयांवर विणतात. सुलट ओळ झाली की काम फिरवायचं आणि उलट ओळ घालायची. दोन रंगांत हे त्रासाचं होतं, कारण उलट ओळीत नक्षी डोळ्यांआड असते आणि मागचे धागे विणणाऱ्याच्या तोंडाशी येतात. गोल विणलं तर प्रत्येक ओळ सुलट आणि नक्षी सतत समोर. शेटलंडच्या बायका दोन्ही टोकं मोकळी असलेल्या लांब सुयांवर अख्खं अंग नळीसारखं गोल विणत. कमरेला चामड्याचा पट्टा असे, त्याच्या उशीत घोड्याचे केस ठासून भरलेले आणि वर भोकं पाडलेली. उजव्या सुईचं टोक भोकात खोचलं की सुईचा भार पट्टा घेई आणि हात नुसता धागा फेकायला मोकळा राही. त्यामुळे वेग येई, आणि चालता चालता विणता येई. पाठीवर गवताने विणलेली पीटची टोपली आणि हातात सुया, अशी त्या काळातल्या बायकांची अनेक छायाचित्रं आहेत. पुरुष मासेमारीला समुद्रावर असत. शेती, जनावरं, सरपण आणि विणकाम हे सगळं बायकांकडे.

आणि या विणकामाचे पैसे मिळत नसत. १८७२ मध्ये विल्यम गुथ्री या आयुक्तांनी शेटलंडमधल्या लर्विक शहरात जाऊन बायकांच्या साक्षी नोंदवल्या आणि त्यांचा अहवाल ब्रिटिश संसदेपुढे आला. या विषयावर मी जे जे वाचलं, त्यात मला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हाच वाटतो. विणलेली शाल किंवा मोजे दुकानदाराकडे नेले की तो रोख रकमेऐवजी चहा किंवा कापड देई. कधी चिठ्ठी मिळे, ती त्याच दुकानात चालायची. घरात पीठ नसलं तरी विणकामाच्या बदल्यात पीठ मिळत नसे. मग बायका तो चहा किंवा ती चिठ्ठी कमी भावात शेजारीपाजारी विकून पीठ मिळवत. १८८७ च्या कायद्याने ही पद्धत बेकायदा ठरली, पण प्रत्यक्षात ती विसाव्या शतकातही बराच काळ रेंगाळली. अशा व्यवहारात एक तास जास्त लागला तर तो फुकटच जाई. म्हणून लांब धागा नको, उलट ओळ नको, तिसरा रंग नको.

कात्रीचा नियमही याच हिशोबातला. अंग खाली काठापासून खांद्यापर्यंत नळीसारखं विणायचं, तर बाह्यांची आणि गळ्याची जागा कशी सोडणार? तिथे थोडे जादा टाके घालून पूल बांधायचा आणि गोल विणत राहायचं. सगळं झालं की त्या पुलाच्या मधोमध कात्रीने कापायचं. रंग बदलताना सुटणारी टोकं याच पट्टीत ठेवली की तीही कापली जातात, एकेक सुईने ओवत बसावी लागत नाहीत. पहिल्यांदा कापताना हात थरथरतो. पण शेटलंडच्या लोकरीचे खवले टाक्यांना धरून ठेवतात आणि कापलेली कड उसवत नाही. आपल्या दुकानांत मिळणारी लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते. ती गुळगुळीत, तिला खवले नसतात. तिच्यावर हा प्रयोग करायचा तर कापण्याआधी दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनची बारीक टीप घालायलाच हवी. खरी लोकर मिळाली तर पहिला स्वेटर तिचाच करावा, असं माझं ठाम मत आहे. ती चुकलेला ताण थोडाफार पोटात घेते आणि धुतल्यावर टाके सारखे होतात. शेटलंडमध्ये धुतलेला स्वेटर लाकडी चौकटीवर ताणून वाळवतात, ते यासाठीच.

पहिल्या स्वेटरमध्ये सगळ्यांना छळतो तो मागच्या धाग्याचा ताण. तो ओढला गेला की नक्षी आकसते आणि स्वेटर डोक्यातून जात नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यावेत, म्हणजे धाग्याला तेवढी लांबी मिळते. आणखी एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही. दोन धाग्यांपैकी जो मागून खालच्या बाजूने जातो, त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग नेहमी खालून आणि पार्श्वभूमीचा वरून, असं ठरवावं आणि शेवटपर्यंत मोडू नये. रंग निवडताना त्यांची नावं विसरावीत आणि फिकेगडदपणा पाहावा. गुंड्यांचा मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढला की लाल आणि हिरवा अनेकदा एकच करडा दिसतो आणि ती जोडी नक्षीसाठी का चालणार नाही हे कळतं. नमुन्याचा तुकडाही गोलच विणून मोजावा, कारण सपाट विणलेल्या तुकड्याचं माप वेगळं येतं.

१९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आइल स्वेटर घालून आले आणि मागणी एकदम उसळली. १९२५ मध्ये जॉन सेंट हेलिअर लँडर यांनी त्यांचं चित्रही तसंच काढलं. फॅशनचे सगळे इतिहास या प्रसंगावर थांबतात. शेटलंडच्या दृष्टीने त्यानंतरच्या गोष्टी मोठ्या आहेत. युद्धानंतर यंत्रावर विणलेल्या अंगाला हाताने नक्षीचा गळा जोडलेले स्वेटर चालले. १९७० च्या दशकात सलम व्हो इथे तेलाचं केंद्र उभं राहू लागलं आणि चांगल्या पगाराची नोकरी मिळाल्यावर कितीतरी हातांनी सुया खाली ठेवल्या. त्यात हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही. ज्या कामाने पिढ्यान्‌पिढ्या पीठसुद्धा दिलं नाही, ते सोडण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. वाईट वाटतं ते २०१० चं. त्या वर्षी प्राथमिक शाळांतलं विणकामाचं शिक्षण स्थानिक प्रशासनाने बंद केलं. आता ‘शेटलंड पीरी मॅकर्स’ या उपक्रमात स्वयंसेवक मुलांना शिकवतात, पट्टा आणि सुयांसकट.

दाम आणि नाव यांचा प्रश्न अजून संपलेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शनेल या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात फेअर आइलवर राहून काम करणाऱ्या मॅटी व्हेंट्रिलॉन यांच्या स्वेटरांसारखेच स्वेटर दिसले. त्यांनी जाहीरपणे विचारणा केली, आणि कंपनीने माफी मागून त्यांचा श्रेयनिर्देश केला. १८७२ मध्ये साक्ष देणाऱ्या बायकांना अशी जागा नव्हती. त्यांच्यापैकी कुणी लर्विकच्या दुकानदाराबद्दल खरं बोलली, तर पुढच्या आठवड्यात तिला त्याच्याच दारात माल घेऊन जायचं होतं. तरीही त्या बोलल्या, आणि त्यांची उत्तरं छापील अहवालात आज वाचता येतात.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट पहिल्या स्वेटरमध्ये जरूर घ्यावी. बाही मनगटाकडून वर न विणता, कापलेल्या कडेवरून टाके उचलून खांद्याकडून मनगटाकडे विणावी. नक्षीत चूक झाली तर ती शेवटच्या काही ओळींपुरती उसवता येते, लांबी अंगावर घालून ठरवता येते, आणि काही वर्षांनी मनगट झिजलं की तेवढीच किनार सोडवून नवी घालता येते. त्यासाठी प्रत्येक रंगाची एकेक छोटी गुंडी जपून ठेवावी आणि ती स्वेटरबरोबरच धुवावी, म्हणजे दोघांचा रंग सारखाच उतरतो.