गेट नंबर दोनचं फुटेज

सकाळी ७.१५
पहिली पाळी आत गेली की मी आधी सिक्युरिटी केबिनमध्ये डोकावतो. भोसरी एमआयडीसीतला आमचा कारखाना बेताचाच. कॅन्टीन, बसगाड्या, सिक्युरिटी सगळं माझ्याच टेबलावर. कॅमेरे १६, हार्डडिस्क ८ टीबीची. एक कॅमेरा दिवसाला २१-२२ जीबी खातो, सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे जेमतेम बावीस-तेवीस दिवसांचं चित्रण शिल्लक राहतं, मग डीव्हीआर जुन्यावर नवं लिहायला लागतो. मागच्या भिंतीच्या कॅमेऱ्यावर पांढरे दोरे दिसताहेत. इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी. गार्डला झाडू घेऊन पाठवलं.

सकाळी ९.४०
पोलीस ठाण्यातून हवालदार आले. गेटसमोर कंटेनरने दुचाकीला ठोकर दिली आणि तसाच पळाला, त्याला आज अठरा दिवस. “साहेब, गेटचं तेवढं व्हॉट्सॲप करून टाका ना.”
“हवालदारसाहेब, चहा घ्या. पण पत्र लागेल. आणि व्हॉट्सॲपवर फाइल दाबली जाते, मूळची राहत नाही. कोर्टात तुम्हालाच जड जाईल.”
ते पत्र आणायला गेले. पत्राची वाट बघत बसलो तर डिस्कवरून ते चित्रण पुसलं जायचं, म्हणून त्या रात्रीची प्रत लगेच वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेवली. जपून ठेवायला परवानगी लागत नाही. बाहेर द्यायला कागद लागतो.

सकाळी ११.३०
पत्र आलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, गुन्हा नंबर, सही-शिक्का, सगळं जागेवर. मजकूर मात्र ‘सर्व कॅमेऱ्यांचे संपूर्ण दिवसाचे चित्रीकरण’. त्यात कॅन्टीन आलं, टाइम ऑफिस आलं. तपासी अंमलदारांना फोन लावला. रस्ता फक्त गेट नंबर दोनच्या कॅमेऱ्यात दिसतो, हे सांगितल्यावर त्यांनाही पटलं; चोवीस तासांचं चित्रण बघायला त्यांच्याकडे तरी माणूस कुठे आहे? सुधारित पत्रात एक कॅमेरा आणि रात्री १०.४५ ते ११.१५ एवढाच वेळ आला.

दुपारी १२.१५
फाइल काढण्याआधी घड्याळ. मोबाइल डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरून दोन्ही वेळा एकाच फोटोत घेतल्या. डीव्हीआर चार मिनिटं पुढे. म्हणून पडद्यावरच्या १०.४९ ते ११.१९ असा तुकडा काढला आणि फरक पत्रात लिहिला. घड्याळ लगेच दुरुस्त केलं नाही. आधी नोंद, मग दुरुस्ती. टक्कर पडद्यावर ११.०७ला दिसते, म्हणजे खरी ११.०३ला. पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्याशी ताळा घालताना ही चार मिनिटं नोंदवलेली नसतील, तर पोलीस भलत्याच कंटेनरमागे धावतील.

दुपारी १.३०
डबा उघडला तोच प्रॉडक्शनचे सुपरवायझर हजर. “आता काढलंच आहे, तर त्या दिवशी गेटवर टंगळमंगळ कोण करत होतं तेही बघू.” म्हटलं, हे त्यासाठी काढलेलं नाही. भेंडीची भाजी पुढे केली, विषय मिटला.

दुपारी ३.००
आता चित्रणासोबत द्यायचं प्रमाणपत्र. पूर्वी याला ६५-ब म्हणायचे; १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. भाग ‘अ’ आमच्या सहीचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाच्या. त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं: एसएचए-२५६ घेतलं तर ६४ अक्षर-अंकांची ओळ. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ओळ पार बदलते. या कागदाचं वजन जालन्याच्या खटल्याने दाखवलं. अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, याचा पुरावा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओत होता. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल मागत राहिले, अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलंच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने २०२० साली ठामपणे सांगितलं. त्या खटल्यापुरती मात्र, मागूनही न मिळाल्यामुळे, सूट दिली.

दुपारी ४.३०
युनियनचे प्रतिनिधी आले. “साहेब, अकराला दुसरी पाळी सुटते. पोरांचे चेहरे पोलिसांकडे गेले म्हणायचे.” शंका रास्त होती. दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेवली; आधी काय मागितलं होतं आणि आता काय जातंय. म्हणाले, “तुकडा कंपनीच्या ग्रुपवर फिरला तर?” त्यांच्यासमोरच केबिनमधल्या संगणकाचा पासवर्ड बदलला.

संध्याकाळी ५.४५
पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकीट सीलबंद, हवालदारांची पोच जावक रजिस्टरवर. दुसरी प्रत कपाटात. खटला उभा राहायला वर्षं जातात, आणि सही माझी असल्याने साक्षीचं समन्स मलाच येणार. तोवर मी निवृत्तही झालेलो असेन. म्हणून कोणता कॅमेरा, किती वाजता, कोणासमोर, हे सगळं रजिस्टरमध्ये सविस्तर लिहून काढलं आणि मगच घड्याळ चार मिनिटं मागे घेतलं.