जमिनीखालची झडप

शेताच्या बांधावर किंवा महामार्गालगत काही ठिकाणी इशारा देणारे लहान खांब दिसतात. खाली नैसर्गिक वायूची वाहिनी आहे, येथे खोदू नये, असे त्यांवर लिहिलेले असते. गुजरातमधील हजिरा येथून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत जाणारी वाहिनी १९८०च्या दशकात उभारण्यात आली. आज अशा वाहिन्या अनेक राज्यांतून गेल्या आहेत.

या वाहिन्यांतील वायू मोठ्या दाबाखाली असतो. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम या गावी गंजलेल्या वाहिनीतून गळालेला वायू पेटला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीखालच्या दोषाची किंमत जमिनीवरच्या माणसांना मोजावी लागते, ती अशी.

वाहिनी फुटल्यास वायूचा प्रवाह तोडता यावा, म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, बसविलेले असतात. दाट वस्तीत त्यांच्यातील अंतर कमी ठेवतात. यासाठी बहुधा बॉल व्हॉल्व्ह वापरतात. त्याच्या पोटात आरपार भोक असलेला धातूचा गोळा असतो. भोक वाहिनीच्या दिशेत असले की वायू सरळ पुढे जातो; गोळा ९० अंशांतून फिरविला की त्याची भरीव बाजू आड येते व प्रवाह थांबतो.

अनेक झडपांचे कवच दोन-तीन भागांचे असून ते नट-बोल्टांनी आवळलेले असते. जमिनीवर बोल्ट सैल झाला तर तो पुन्हा आवळता येतो. मातीखाली मात्र ओलावा आणि मातीचा भार सतत सोसावा लागतो, आणि गळती सहज दिसत नाही. म्हणून पुरावयाच्या झडपेचे भाग वेल्डिंगने जोडून कवच अखंड करतात. तिची टोकेही वाहिनीला वेल्डिंगनेच जोडतात. गळतीला वाव देणारे सांधे त्यामुळे कमी होतात. बाहेरून गंजरोधक लेप देतात आणि गोळा फिरविणारा दांडा लांब करून जमिनीवर आणतात.

या अखंडपणाची दुसरी बाजूही आहे. असे कवच जागेवर उघडून दुरुस्त करता येत नाही. मोठा दोष निघाल्यास संपूर्ण झडप कापून काढावी लागते. म्हणून तिची कसोटी आधीच घेतली जाते. कवचात पाणी भरून निर्धारित दाबाच्या दीडपट दाब देतात. बंद गोळा प्रवाह नीट अडवतो की नाही, हे १.१ पट दाबाने तपासतात.

झडप पुरल्यानंतरही जबाबदारी संपत नाही. बहुतेक काळ ती उघडीच असते. फार दिवस न हलविल्यास ती ऐनवेळी अडकण्याचा संभव असतो. म्हणून ती ठरावीक काळाने फिरवून पाहावी लागते. संकटाच्या क्षणी त्या पाव फेऱ्यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. जे डोळ्यांआड जाते, त्याची काळजी अधिक घ्यावी लागते, हेच या झडपेच्या रचनेमागील सूत्र होय.