पेन्शन : मेहरबानी की राखून ठेवलेली मजुरी?

महारकीच्या कामाला वेळ नव्हती आणि मोबदल्याला हिशेब नव्हता. सरकारी टपाल पोचवायचे, साऱ्याचा पैसा कचेरीत न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे आणि बदल्यात खळ्यावर उभे राहून मिळेल ते बलुते पदरात घ्यायचे. असा वतनदार मेला म्हणजे त्याच्या बायकोला काय मिळे? तेच काम पुढे चालवायला तिच्या मुलाचे नाव लागे, एवढेच. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने गेली. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्यातल्या काही माणसांनी निराळ्या प्रकारचा पैसा पाहिला होता. गोपाळबाबा वलंगकर पलटणीचे पेन्शनर होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी पेन्शनर होते. दरमहा येणारी ही रोख रक्कम गावाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. आपल्या चळवळीच्या आरंभी पेन्शनरांची नावे भेटतात, यात मला योगायोग दिसत नाही.

या लेखाचा विषय रूक्ष आहे. नियम, नमुने, टक्केवारी असे त्याचे स्वरूप. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आस्थापना शाखेत नोकरी केली, आणि आता वस्तीतल्या निवृत्तांचे व विधवांचे अर्ज भरून देतो. तिथे एक वाक्य वारंवार कानी पडते : "साहेबांनी दया केली तर पेन्शन चालू होईल." या वाक्यात बलुत्याची भाषा अजून शिल्लक आहे. ती जावी म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट कायद्याची. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनचा हक्क हा मालमत्तेचा हक्क मानला. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, पेन्शन ही सरकारच्या लहरीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे. ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे. म्हणजे उमेदीच्या वर्षांत केलेल्या कामाची काही मजुरी राखून ठेवलेली असते आणि ती म्हातारपणी हाती पडते. स्वतःची मजुरी मागणारा माणूस याचक कसा ठरेल?

आता नियम पाहू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. किमान १० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली म्हणजे निवृत्तिवेतनाचा हक्क येतो. पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे असते. त्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी उचलता येतो. याला अंशराशीकरण म्हणतात. तो कापला गेलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. याशिवाय उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगाराप्रमाणे, भविष्यनिर्वाह निधी, गटविमा, आणि ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचा पगार.

कर्मचारी सेवेत असतानाच वारला, तर कुटुंबाला मृत्यू-उपदान मिळते. नोकरीला वर्षही झाले नसले तरी ते दोन महिन्यांच्या पगाराइतके असते, आणि सेवा वाढेल तसे वाढते. दरमहाचे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. सात वर्षांची सेवा झालेली असेल तर आरंभीची काही वर्षे ते वाढीव दराने, निम्म्या पगाराइतके मिळते. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर आयुष्यभर मिळू शकते.

इथपर्यंतचे सारे कोणताही लिपिक सांगेल. घोटाळा पुढे होतो. "नॉमिनी माझा भाऊ आहे, सगळे त्यालाच मिळणार," असे समजून माणसे निर्धास्त राहतात. वस्तुतः हा पैसा वेगवेगळ्या वाटांनी जातो. कुटुंब निवृत्तिवेतनाला नामनिर्देशन चालतच नाही. ते नियमाने ठरलेल्या क्रमाने, आधी पती किंवा पत्नीला आणि नंतर अपत्यांना जाते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ते मृताच्या इस्टेटीचा भाग नसते, त्यामुळे मृत्युपत्राने ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. उपदानाला नामनिर्देशन लागते. पण कुटुंब असेल तर ते कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावे करावे लागते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नॉमिनीच्या हाती पडते खरी. पण तो ती वारसांसाठी स्वीकारतो, स्वतः मालक होत नाही, असे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. लग्नाआधी आईच्या वा भावाच्या नावे भरलेला कागद लग्नानंतर बदललाच नाही, अशी प्रकरणे मी कितीतरी पाहिली. मग मयताच्या तेराव्याच्या आतच सासू आणि सून वकिलाच्या पायरीवर एकमेकींसमोर उभ्या राहतात.

आपल्या घरांत याहून मोठी अडचण नावाची आहे. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, रेशनकार्डावर हाक मारायचे नाव, आधारवर भलतेच. धर्मांतरानंतर काहींनी नावे व आडनावे बदलली; सेवापुस्तकात जुनीच राहिली. शाळेत मास्तरांनी सरसकट लावलेली १ जून ही जन्मतारीख तर आपल्या दोन पिढ्यांची ओळखच आहे. बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणी नाही, पंचांसमोर झालेल्या फारकतीचा कागद नाही. माणूस जिवंत असताना यातले काहीच अडत नाही. तो गेला की बाईला स्वतःचे बायकोपण सिद्ध करावे लागते. नवऱ्याने हयातीत कार्यालयात कुटुंबाचा तपशील भरून दिला असता, आणि नाव बदलल्याचे राजपत्र त्याला जोडले असते, तर तिच्या वर्षभराच्या खेपा वाचल्या असत्या.

दुसऱ्या बायकोचा प्रश्न आपण दबक्या आवाजात बोलतो. तो उघड बोलला पाहिजे. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने अवैध ठरते, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. लग्नच वैध नसेल तर दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये दिला. तिच्या मुलांचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच मान्य केला आहे. जिने त्याची वीस वर्षे भाकरी थापली तिला शेवटी काहीच मिळत नाही, आणि जिला त्याने टाकली होती तिला हक्क असूनही निरोप पोचत नाही. या दोघींचे नुकसान एकाच पुरुषाच्या बेपर्वाईतून होते.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या पगारातून १० टक्के वर्गणी कापली जाते आणि म्हातारपण बाजाराच्या चढउताराला बांधले जाते. मार्च २०२३ मधल्या संपानंतर, ३१ मार्चच्या शासन निर्णयाने, यांच्यापैकी कोणी सेवेत वारल्यास त्याच्या कुटुंबासाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची आणि उपदानाची तरतूद झाली. मात्र त्यासाठी विकल्पाचा कागद आहे, आणि तो भरलेला आहे की नाही हे घरातल्यांना माहीत असत नाही.

ज्यांना यातले काहीच लागू नाही, त्यांचे काय? १९३५ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला, तो झाडूवाल्यांना कामगार म्हणून उभे करण्यासाठी. आज तेच काम कंत्राटदाराकडे गेले आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, २०१७ साल उजाडावे लागले. कायम कामगाराच्या घरी लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळते. तिचा आधार मी नाकारत नाही. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणे आणि बापाची मजुरी त्याच्या विधवेला देणे, या दोन वारशांतला फरक आपण विसरता कामा नये. पहिल्यात वतनाची सावली आहे. दुसऱ्याने मुलगा शाळेत टिकू शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. वर्षातला एक रविवार वस्तीतल्या नोकरदारांच्या कागदांसाठी ठेवा. सेवापुस्तकातल्या नोंदी दरवर्षी पडताळल्या आहेत का? नामनिर्देशन लग्नानंतर बदलले का? बायकोचे नाव सगळीकडे एकच आहे का? कुटुंबाचा तपशील कार्यालयात दिला का, आणि त्याची पोच घरी आहे का? पेन्शन चालू असलेल्यांनी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला दिला का? ही पाहणी करताना घरातल्या बाईला समोर बसवा आणि कागद तिच्या हातात द्या. पुढे ते कागद तिलाच दाखवावे लागणार आहेत.